आज दिवसभर चाला मुआना

१० डिसेंबर

२०२२ साली याच तारखेला काँगोची गायिका चाला मुआना तिथल्या राजधानीत, किन्शासात, गेली. वय ६४. सकाळपासून तिचीच गाणी लावून बसलोय. घरातले एव्हाना वैतागलेत.

तिचा नाच मुतुआशी, काँगोच्या कासाई प्रांतातल्या लुबा लोकांचा. कमरेला कापड घट्ट आवळलेलं, गुडघे किंचित वाकलेले, खांदे जवळजवळ स्थिर आणि सगळा ताल कंबरेत. कुणाला वाह्यात वाटेल, वाटो. माझं लक्ष तिच्या श्वासावर असतं. एवढं करून गळा जागेवर कसा राहतो, देव जाणे.

ती नाचणारी म्हणून आली हे मला सगळ्यात मोठं वाटतं. जन्म १९५८चा, आजच्या लुबुंबाशीत. सत्तरच्या दशकात ती म्पोंगो लव्ह या गायिकेच्या ताफ्यात नाचायची. म्पोंगोचा आवाज मधाळ, पण लहानपणच्या आजारपणाने पाय अधू झालेले. म्हणजे गाणारी पुढे उभी, आणि तिच्या वाटचंही नाचणाऱ्या मागे. आपल्या संगीतबारीत बहुधा उलटं: नाचणारी पुढे, गाणारी मागे बसलेली. चालाने दोन्ही जागा एकटीने घेतल्या. त्यासाठी देश सोडला. आधी आयव्हरी कोस्टमधलं आबिजान, मग पॅरिस.

बरं, गायली कशात? काँगोचं लोकप्रिय संगीत म्हणजे मुख्यतः लिंगाला भाषेतलं. तीच भाषा धरली असती तर बाजार आयता होता. ही मात्र जास्त करून चिलुबात गायली, आपल्या घरच्या भाषेत, आणि ती न कळणारे लोक तिच्या तालावर नाचले. मीही त्यातलाच. शब्द एक कळत नाही, पाय मात्र ठरत नाहीत.

पुढे राजकारण. राष्ट्राध्यक्ष लोराँ-देझिरे कबिलांच्या काळात संसदेत, नंतर त्यांचा मुलगा आणि पुढचे राष्ट्राध्यक्ष जोझेफ कबिलांच्या पक्षात. तो भाग मला फारसा रुचत नाही. सत्तेच्या इतकं जवळ बसलेला कलावंत मला खटकतोच. पण नोव्हेंबर २०२०मध्ये तिने कृतघ्नपणावर एक गाणं काढलं. उपकारकर्त्याला विसरणाऱ्या माणसाला त्यात खडसावलंय. नाव कुणाचंच नाही. तरी लोकांनी ओळखलं की रोख जोझेफ कबिलांपासून फारकत घेणाऱ्या राष्ट्राध्यक्ष चिसेकेदींवर आहे. गुप्तचर खात्याने तिला उचललं, दुसऱ्या दिवशी सोडलं. बासष्टाव्या वर्षी, एका गाण्यापायी! राजकारणातली चाला मला पटो न पटो, त्या दिवशी मी तिच्याच बाजूचा होतो.