मी लायची नस्ती वाचताना

शासकीय नोकरीची शेवटची काही वर्षे माझ्याकडे विभागीय चौकशांचे काम होते. साक्षीदारांचे जबाब नोंदवून घेणे, ते त्यांना वाचून दाखवणे, पानापानावर सह्या घेणे आणि शेवटी अहवालाला परिशिष्टे जोडणे, हे सगळे इतक्या वेळा केले होते की आमच्या अभ्यासमंडळाने व्हिएतनाम युद्धावरील मालिकेत ‘मी लाय’ या ठिकाणच्या हत्याकांडावर बोलण्याचे काम माझ्यावर सोपवले, तेव्हा मी सवयीने थेट चौकशीचेच कागद शोधू लागले. लेफ्टनंट जनरल विल्यम पीअर्स यांच्या चौकशीचा अहवाल अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने स्कॅन करून सर्वांसाठी खुला ठेवला असल्यामुळे कागद मिळायला अडचण आली नाही. मात्र सुमारे ४०० साक्षीदार आणि २०,००० हून अधिक पानांच्या साक्षी असल्या, की सुरुवात कुठून करावी हेच कळेनासे होते.

घटनेचा सांगाडा सर्वांना माहीत आहे. १६ मार्च १९६८ रोजी सकाळी साडेसातच्या सुमारास अमेरिकी लष्कराच्या चार्ली कंपनीचे सैनिक क्वांग न्गाय प्रांतातील सोन मी गावाच्या हद्दीत हेलिकॉप्टरमधून उतरले. शत्रूची एक बटालियन तेथे असल्याचे त्यांना सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात सापडल्या त्या स्त्रिया, मुले आणि म्हातारी माणसे, आणि पुढील काही तासांत त्यांना घराघरांतून, पायवाटेवर आणि शेताच्या पाटात गोळ्या घालण्यात आल्या. वर पाठवलेल्या अहवालात शत्रूचे १२८ जण ठार आणि ३ शस्त्रे हस्तगत असे आकडे होते. १२८ मृतांमागे ३ शस्त्रे, ही विसंगती कोणाही कारकुनाच्या नजरेत भरावी अशी आहे. ती त्या वेळीही काहींच्या नजरेत भरली होती, पण कोणी शेरा मारला नाही.

माझा पहिला महिना नकाशातच गेला. आपल्याकडे वर्तमानपत्रांत ‘माय लाय’ असे छापून येते. व्हिएतनामी उच्चार ‘मी लाय’ असा आहे, पण प्रश्न उच्चाराचा नव्हता. अमेरिकी लष्कराच्या नकाशावर एकाच नावाच्या अनेक वस्त्यांना क्रमांक दिलेले होते, त्यांपैकी ‘मी लाय ४’ या वस्तीत चार्ली कंपनी शिरली. तिथले लोक त्या वस्तीला थुआन येन म्हणतात आणि ती तू कुंग या वाडीत येते. मी लाय नावाची वाडी त्यांच्या लेखी वेगळीच आहे. त्याच सकाळी ब्राव्हो कंपनीने समुद्राजवळच्या ‘मी खे ४’ या वस्तीत माणसे मारली, ती वस्ती को लुय वाडीतली. साक्ष देणारा सैनिक एक नाव घेतो, व्हिएतनामी अधिकारी दुसरे घेतो आणि वाचणाऱ्याला वाटते की दोघे वेगवेगळ्या घटनांविषयी बोलत आहेत. अखेर मी जुन्या सवयीने आडव्या पानांची एक वही केली, डाव्या बाजूला गावकऱ्यांचे नाव, त्यासमोर नकाशावरचे नाव, आणि मगच वेळ व साक्षीदार अशा रकान्यांत नोंदी घेऊ लागले.

ही वही नसल्यामुळे मी एक चूक करून बसले होते. लष्कराच्या फौजदारी तपास विभागाने मृतांचा आकडा ३४७ काढला आणि सोन मीच्या स्मारकावर ५०४ नावे आहेत, तेव्हा एक बाजू कमी सांगते व दुसरी वाढवून, असा सोयीचा निष्कर्ष मी पहिल्या टिपणात लिहिला होता. वाड्या वेगळ्या काढल्यावर लक्षात आले की स्मारकाच्या आकड्यात तू कुंगचे ४०७ आणि को लुयकडचे ९७ असे दोन्हीकडचे मृत आहेत, आणि मी निम्म्या गावाच्या आकड्याची पूर्ण गावाच्या आकड्याशी तुलना करत होते. ते पान मी फाडले नाही, त्यावर काट मारून तारीख घातली.

पुढचे काम मला अधिक परिचयाचे होते, म्हणूनच अधिक जड गेले. हेलिकॉप्टर वैमानिक ह्यू थॉम्पसन यांनी पळणारे गावकरी आणि त्यांच्या मागचे सैनिक यांच्यामध्ये आपले हेलिकॉप्टर उतरवले, लॉरेन्स कोलबर्न आणि ग्लेन अँड्रिओटा या आपल्या दोन सहकाऱ्यांना गरज पडल्यास अमेरिकी सैनिकांवरच बंदूक रोखायला सांगितले, आणि पाटातल्या प्रेतांमधून जिवंत सापडलेले एक मूल क्वांग न्गायच्या रुग्णालयात पोचवले. त्यांनी त्याच दिवशी वरिष्ठांकडे तक्रार केली. तळावरून गोळीबार थांबवण्याचा निरोप गेला. तिथून पुढे ती तक्रार एकेक पायरी वर चढत गेली आणि प्रत्येक पायरीवर तिचे वजन कमी होत गेले. मृत नागरिक मोजण्यासाठी परत जाण्याचा आदेश त्याच दुपारी चार्ली कंपनीला मिळाला होता, पण कंपनीचे प्रमुख कॅप्टन अर्नेस्ट मेडिना यांनी हरकत घेताच डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल सॅम्युअल कॉस्टर यांनी तो रेडिओवरूनच रद्द केला.

चौकशी सोपवण्यात आली ती ब्रिगेडचे प्रमुख कर्नल ओरान हेंडरसन यांच्याकडे. त्यांनी आदल्याच दिवशी सूत्रे घेतली होती आणि त्या सकाळी ते स्वतः हेलिकॉप्टरमधून त्या गावावर घिरट्या घालत होते. आमच्या कार्यालयात प्रकरणाशी संबंध असलेल्या माणसाला चौकशी अधिकारी नेमले असते, तर पहिल्याच सुनावणीत हरकत आली असती. इथे २४ एप्रिल १९६८ च्या अहवालात तोफांच्या माऱ्यात आणि दोन्ही बाजूंच्या गोळीबारात सापडून २० नागरिक मेले, बाकीचे आरोप हा व्हिएतकाँगचा, म्हणजे शत्रूच्या कम्युनिस्ट गनिमांचा, प्रचार, असे लिहून प्रकरण नस्तीबंद झाले. त्याआधी, २८ मार्चला, त्या सकाळच्या मोहिमेचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल फ्रँक बार्कर यांनी कारवाईचा अहवाल दिला होता. ती मोहीम उत्तम आखलेली, उत्तम पार पाडलेली आणि यशस्वी होती, अशा अर्थाचे वाक्य मी त्यात वाचले, आणि अशी वाक्ये मीही असंख्य वेळा टंकलिखित केली आहेत हे आठवून संगणक बंद करून ठेवला.

प्रकरण पुन्हा उघडले ते रॉन रिडेनअर या माजी सैनिकाच्या पत्राने. तो स्वतः त्या दिवशी तेथे नव्हता. ओळखीच्या सैनिकांकडून ऐकलेले त्याने जुळवले आणि २९ मार्च १९६९ रोजी सुमारे ३० लोकप्रतिनिधी व अधिकाऱ्यांना पाठवले. त्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये पत्रकार सीमूर हर्श यांची बातमी आणि लष्करी छायाचित्रकार रोनाल्ड हेबर्ली यांची रंगीत छायाचित्रे प्रसिद्ध झाली. लष्कराचा कृष्णधवल कॅमेरा त्यांनी जमा केला होता, स्वतःच्या कॅमेऱ्यातली छायाचित्रे मात्र स्वतःजवळ ठेवली होती. २६ नोव्हेंबरला पीअर्स यांची नेमणूक झाली. हे गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात आसामातील नाझिरा येथे तळ असलेल्या डिटॅचमेंट १०१ या अमेरिकी गनिमी तुकडीचे प्रमुख होते, हे वाचून मला उगाचच ओळखीचा माणूस भेटल्यासारखे वाटले. कार्यकक्षा अरुंद होती: आधीची चौकशी पुरेशी होती की नाही, एवढेच पाहायचे. पण गावात नेमके काय झाले ते ठरवल्याशिवाय चौकशी अपुरी होती हे ठरणार कसे, म्हणून त्यांनी सबंध सकाळ साक्षीसाक्षीने पुन्हा उभी केली.

लष्करी कायद्यानुसार कर्तव्यात कसूर किंवा माहिती दडवणे अशा आरोपांना दोन वर्षांची मुदत होती. अहवाल १४ मार्च १९७० रोजी सादर झाला, म्हणजे प्रकरण मुदतबाह्य होण्याच्या दोन दिवस आधी. ही तारीख लक्षात आल्यावर साक्षींमधील घाई, रात्री उशिरापर्यंतची सत्रे आणि त्याच साक्षीदाराला पुन्हा पुन्हा बोलावणे, या सगळ्याचा उलगडा झाला. डिव्हिजनच्या आणि ब्रिगेडच्या दप्तरांतून या प्रकरणाचे कागद जवळजवळ नाहीसे झालेले होते, आणि ते कोणी काढले याची नोंदही नव्हती. त्यामुळे माणसांच्या आठवणींवरच भिस्त होती. ‘आठवत नाही’ हे उत्तर मी नोकरीत हजारदा लिहून घेतले आहे. ते भीतीने दिलेले असते तेव्हा वाक्य लांबते, आणि ठरवून दिलेले असते तेव्हा आखूड होते. इंग्रजी साक्षींतही मला हा फरक ऐकू येऊ लागला. पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य आहे, म्हणून वहीत त्याला रकाना दिला नाही.

खटल्यांचे पुढे काय झाले ते मी व्याख्यानात पाच मिनिटांत उरकले, कारण त्यात सांगण्यासारखे फार नाही. माहिती दडवल्याचा आरोप १४ अधिकाऱ्यांवर ठेवला गेला, त्यांपैकी खटला उभा राहिला तो एकट्या हेंडरसन यांच्यावर, आणि ते सुटले. मेडिनाही सुटले. कॉस्टर यांची पदावनती झाली. चार्ली कंपनीतील एका पलटणीचे प्रमुख लेफ्टनंट विल्यम कॅली यांना २२ खुनांबद्दल मार्च १९७१ मध्ये जन्मठेप झाली, पण अध्यक्ष निक्सन यांच्या आदेशाने त्यांना लवकरच तुरुंगातून हलवून स्वतःच्या निवासात स्थानबद्ध केले गेले, शिक्षा घटत गेली आणि १९७४ मध्ये ते बाहेर आले. पीअर्स यांचा अहवाल जनतेसमोर आला तोही १९७४ च्या नोव्हेंबरमध्येच.

व्याख्यानाचा बराचसा वेळ मी एका पत्राला दिला. सोन मी ज्यात येते त्या सोन तिन्ह जिल्ह्याचे व्हिएतनामी प्रमुख लेफ्टनंट त्रान न्गोक तान यांनी आपल्या प्रांतप्रमुखाला ते लिहिले होते, आणि तू कुंगमध्ये चारशेहून अधिक व को लुयमध्ये ९० माणसे मारली गेल्याचे त्यात कळवले होते. हेंडरसन यांना जो प्रचार वाटला तो हाच आकडा. स्मारकावरच्या ४०७ आणि ९७ शेजारी तो लिहिला तेव्हा फरक जेमतेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतका निघाला. पत्राच्या तारखेखाली मी वहीत लाल रेघ ओढली आहे: ११ एप्रिल १९६८, घटनेनंतरचा सव्विसावा दिवस.