चाकाच्या पट्ट्यातलं हिरवं सोयाबीन

काल दिवसभर अमेरिकेत, नॉर्थ डकोटातल्या फार्गोच्या उत्तरेला एका सोयाबीनच्या शेतात होते. वरची कोवळी पानं पिवळीधमक, शिरा तेवढ्या हिरव्या. अस्सल केवडा, म्हणजे लोह न मिळाल्याने येणारा पिवळेपणा. शेतमालकांनी विचारलं, "थोडा युरिया देऊन बघू का?"

मी त्यांना ट्रॅक्टरच्या चाकांचे पट्टे दाखवले. अख्खा तुकडा पिवळा, पण चाक गेलं तिथली झाडं हिरवीगार! चाकाखाली माती दबते, हवा कोंडते, ओलीत तिथलं नायट्रेट उडून जातं. म्हणजे नत्र कमी झालं तिथेच पीक सुधारलं. मग वरून युरियाचं आणखी नत्र कशाला?

रेड रिव्हरचं हे खोरं म्हणजे हिमयुगातल्या अगासिझ सरोवराचा तळ. जमीन काळीभोर, पण चुनखडीने भरलेली. सामू (पीएच) सहज ८ च्या आसपास. लोह मुबलक आहे, ते मुळाला उचलता येत नाही. मूळ आम्ल सोडून लोह मोकळं करतं. जून थंड आणि ओला गेला की मातीत बायकार्बोनेट साचतं आणि त्या आम्लाचा जोर संपतो. क्षार असले तर हाल आणखी.

एक झाड अलगद उपटलं, मुळावरची गाठ नखाने फोडली. आत छान गुलाबी! बियाण्याला जिवाणू लावले होते, ते हवेतलं नत्र पिकाला द्यायच्या कामाला लागलेत. थंड मातीत गाठी उशिरा धरतात, तेवढा धीर धरायलाच हवा.

पूर्वी मीही अशा वेळी लोहाची फवारणी सुचवायचे. फवारलेली पानं हिरवी व्हायची, नवी पुन्हा पिवळी. आता मी पेरणीआधीच आग्रह धरते: चुनखडी आणि क्षारांची तपासणी करा, केवडा सोसणारं वाण निवडा, ओळींत अंतर ठेवून ओळीत झाडं दाट घ्या. अगदी वाईट तुकड्यात बियाण्यासोबत ऑर्थो-ऑर्थो ईडीडीएचए चिलेटचं (अशा मातीतही लोह मुळाला मिळेल असं धरून ठेवणारं संयुग) लोह द्या.

स्फुरद-पालाश (फॉस्फेट आणि पोटॅश) मात्र विसरू नका. एकरी ४० बुशेल (साधारण ११ क्विंटल) दाणा शेतातून साधारण ३० पौंड फॉस्फेट आणि ४५ पौंडांच्या वर पोटॅश घेऊन जातो. फक्त हे खत बियाण्याला चिकटून नको, उगवण जळते.

निघताना पिवळ्या तुकड्यांच्या कडा जीपीएसवर नोंदवून घेतल्या. काढणी झाली की मातीचे नमुने तिथूनच, वेगळे काढायचे ठरलंय.