श्टाझीची फाइल आणि एक शिक्का

पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांनी, म्हणजे श्टाझीने, माझ्याविषयी काय लिहून ठेवलं होतं ते अखेर वाचायला मिळालं. पण त्याआधी एका शिक्क्यासाठी जे हेलपाटे पडले, त्याचा राग अजून गेलेला नाही.

ऐंशीच्या दशकात मी लाइपझिगला शिकत होतो. १९९१च्या जर्मन कायद्याने स्वतःची फाइल कुणीही मागू शकतो, परदेशी माणूससुद्धा. अर्ज सोपा. अडलं ते ओळख प्रमाणित करण्यापाशी. जुन्या पासपोर्टवर वडिलांचं नाव, नव्यावर नाही. "दोघे एकच कशावरून?" म्हणत खिडकीवरच्या बाईंनी कागद परत सरकवले. प्रतिज्ञापत्र नेलं, तर नोटरी हवी. नोटरी करून नेलं, तर भाषांतर हवं. तेही नेलं, तर सही करणारे साहेब रजेवर. तपासणी हवीच, माझी पानं भलत्याच्या हाती पडायला नकोत. पण काय काय लागेल ते पहिल्याच दिवशी लिहून द्यायला काय हरकत होती? शिक्का बसला तेव्हा मी जिन्यातच बसलो.

तुम्हीही असा अर्ज करणार असाल, तर तिथले जुने पत्ते होस्टेलच्या खोलीसकट त्यात लिहा. श्टाझीने खऱ्या नावांची कार्डं एकीकडे आणि प्रकरणांची दुसरीकडे ठेवली होती, नावं उच्चाराप्रमाणे लावून. आपल्या आडनावांचं तिथे काय होतं ते सांगायला नको. जन्मतारीख आणि पत्ता असला की माणूस सापडतो.

फाइल मिळाली तेव्हा इतरांची नावं काळी केलेली होती. आईने साताऱ्याहून पाठवलेल्या पाकिटाची झेरॉक्स त्यात होती, तिच्या अक्षरासकट. मी चहाला कुणाला बोलावतो, रेडिओवर काय ऐकतो, दिवा कधी मालवतो, सगळं टिपलेलं. गुन्हा एकही नाही. १९८९मध्ये श्टाझीकडे सुमारे ९१ हजार कर्मचारी होते, खबरे त्याच्या दुपटीच्या आसपास. एवढी माणसं असल्याच नोंदी करत होती. खबऱ्याच्या टोपणनावामागे कोण, हे विचारायला वेगळा अर्ज लागतो. तोही मी केलाय.

आमच्या सोसायटीच्या गेटवर हल्ली येणाऱ्या प्रत्येकाचा फोटो, नंबर आणि वेळ ॲपमध्ये जाते. माझ्याकडे कोण आलं, किती वाजता गेलं, सगळं त्यात आहे. ही नोंद किती दिवस ठेवता आणि कोण बघतं, असं मी समितीला लेखी विचारलं आहे. उत्तर येईपर्यंत दर बैठकीत विचारणार.