पायलीभर जोंधळं

रविवार, रात्री साडेअकरा

अण्णांना आज स्टँडअप कॉमेडीला नेलं. ‘तो उभ्यानं बोलणार, आपण बसून ऐकायचं, एवढंच?’ असं कुरकुरत का होईना, आले. पोरगा पुण्याचा, विषय त्याच्याच घराण्याचा. पहिली दहा मिनिटं कुणी हसेना. सांगलीकर तिकीट काढून हाताची घडी घालून बसतो, हे त्याला कुणी सांगितलं नसावं. शेवटी वैतागून म्हणाला, ‘विष्णुदास भाव्यांनी 1843 ला इथं नाटक केलं, तेव्हापासून असेच बसलाय का?’ मग जरा घड्या सुटल्या.

पुढं पानिपत काढलं. ‘आमच्याकडं सगळे सरदार. 1761 ला सगळे लढता लढता गेले, एकही पळून आला नाही. मग आम्ही कुणाची पोरं?’

हॉल दणाणला. मी डोळे पुसतेय, तर शेजारी अण्णा मख्ख. (आमच्याही भिंतीवर एक तलवार आहे. ती आबांनी बाजारातनं आणली, हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीच बोलत नाही.) वाटलं, चिडले.

नंतर भडंग घेऊन कृष्णेच्या घाटावर बसलो. अण्णा म्हणाले, ‘हेळवी आठवतोय का गं तुला?’

अंधुक आठवतो. सुगी झाली की दोन-तीन वर्षांतनं एकदा कर्नाटकातनं यायचा. बैलावर बसलेला, पाय घोंगड्यात गुंडाळलेले. कन्नडात हेळव म्हणजे पांगळा, म्हणून तसं बसायचं. चहाला मात्र ठणठणीत चालत यायचा. मग अंगणात आमच्या पिढ्या म्हणायला लागायचा. भावाचं नाव आलं की भाऊ फुगायचा. माझं कधी आलं नाही.

‘इनाम मिळालं म्हणून ह्या गावात आलो, हे आबांचं. हेळव्याचं वेगळंच होतं.’

1876 चा दुष्काळ. खापरपणजोबा जतकडनं चालत निघालेले. चौदा-पंधराचं वय, बरोबर धाकटा भाऊ. कवठेमहांकाळच्या अलीकडं धाकट्याला चालवेना. त्याला एका देवळात बसवलं. ‘पाणी घेऊन येतो’ म्हणाले.

हेळवी इथवर आला की आबा उठायचे, आतनं पायलीभर जोंधळं आणून त्याच्या झोळीत ओतायचे. तो गप पुढच्या पिढीवर जायचा. तोही पक्का, देवळापाशी आला की सूर लांबवायचा.

‘मग पुढं?’

‘पुढचं आज्जीनं एकदा चुलीपुढं सांगितलं. पाणी मिळालं म्हणे. पण हे मागं फिरलेच नाहीत, तसेच मिरजेला आले.’

‘भावाचं नाव?’

अण्णा भडंगातले शेंगदाणे वेचत होते. ‘नावाच्या आधीच जोंधळं पडायचं. आज्जीलाही ठाऊक नव्हतं.’

मागच्या साली हेळव्याचा पोरगा मोटारसायकलवर आला होता. अण्णा झोपलेले, मला ऑफिसची मीटिंग. गॅलरीतनंच ‘घरात कुणी नाही’ म्हणाले. हे अण्णांना अजून सांगितलेलं नाही.

उठताना विचारलं, ‘पायली म्हणजे किती हो?’

‘चार शेर. 1972 ला घरात खायला नव्हतं, तेव्हाही आबांनी कमी दिलं नाही.’