तुम्ही विचारलंत म्हणून : जुन्या फोक्सवॅगन बीटल गाडीच्या टेललाईटची काच ओरिजिनल आहे का?

समोरून काढलेला फोटो, त्यावर फ्लॅशची चकाकी आणि खाली एक ओळ : "ओरिजिनल आहे ना?" अशा फोटोवर मी उत्तर देत नाही. त्याला काही जण शिष्टपणा म्हणतात, म्हणोत बापडे. दोन स्क्रू काढा, काच उलटी करा, तिरप्या उजेडात धरा. वाचण्यासारखं सगळं अक्षरांत आणि रबराखाली दबलेल्या कडेवर असतं.

१९६२ ते १९६७ मॉडेलची बीटल घेऊ. युरोपसाठी वर नारिंगी आणि खाली लाल अशी काच होती, अमेरिकेसाठी पूर्ण लाल. तेव्हा लाल जोडी दिसली की लगेच डुप्लिकेट ठरवू नका. गाडी कुठल्या देशासाठी बनली हे वोल्फ्सबुर्गच्या फोक्सवॅगन संग्रहालयाकडून मिळणाऱ्या जन्मदाखल्यावर कळतं. आधी तो मागवा, काचेचं नंतर बघू.

आता शिक्के. हेल्ला ही दिवे बनवणारी जर्मन कंपनी. तिच्या जुन्या काचेवर जर्मन मंजुरीचा शिक्का म्हणून नागमोडी रेघा आणि 'के' अक्षरापुढे नंबर असतो. वर्तुळातला 'ई' आला वाहनांच्या भागांच्या मंजुरीबाबतच्या १९५८ च्या जिनिव्हा करारातून; पुढचा आकडा मंजुरी देणाऱ्या देशाचा. ई १ जर्मनी, ई ३ इटली, ई ११ ब्रिटन. पण या करारातला मागच्या पार्किंग आणि ब्रेक लाईटचा नियम, क्रमांक ७, लागू झाला ऑक्टोबर १९६७ मध्ये. म्हणजे ई १ सोबत 'आर' (पार्किंग) आणि 'एस १' (ब्रेक) असलेली काच १९६५ च्या गाडीबरोबर कारखान्यातून आलेली नाही. ती शंभर टक्के हेल्लाची असू शकते, पण नंतर सुटी घेतलेली. यात एक खोच आहे. रिफ्लेक्टरचा नियम १९६३ चा, त्यामुळे फक्त रिफ्लेक्टरपुरता 'ई' दिसला तर तेवढ्यावरून काच बाद होत नाही. चौकटीतला लहान 'ई' मात्र सत्तरीच्या दशकातला किंवा त्यानंतरचा, त्यावर वाद नको.

एवढं लिहिलं की हमखास येतं, "म्हणजे नागमोडी रेघ असली की पक्की?" नाही हो! पूर्वी मीही शिक्का हाच निकाल मानत असे. शिक्का फक्त काच कोणती नाही ते सांगतो. जुन्या काचेवरून साचा काढला की शिक्काही सोबत येतोच. फरक मापात पडतो. काच म्हणतो खरं, पण ती असते अ‍ॅक्रिलिक या प्लास्टिकची, आणि ते साच्यात थंड होताना साधारण अर्धा टक्का आकसतं, म्हणून १५० मिलिमीटरच्या काचेची नक्कल पाऊण मिलिमीटरने तोकडी निघते. स्क्रूची भोकं ओढून बसवावी लागतात, रबराच्या एका बाजूला फट राहते. अक्षरांच्या कडा गोलावलेल्या असतात आणि मूळ काचेवरचे ओरखडेही नकलेत उमटतात. बोट फिरवलं तर लागत नाहीत, डोळ्याला मात्र दिसतात.

स्वस्त माल बऱ्याचदा पॉलिस्टायरीन या हलक्या प्लास्टिकचा असतो. एक लिटर पाण्यात १५० ग्रॅम मीठ विरघळवा, काच आतली बाजू वर करून बुडवा, खाचांतले हवेचे बुडबुडे ब्रशने काढा आणि सोडा. पॉलिस्टायरीन वर येतं, अ‍ॅक्रिलिक तळाशी जातं. मात्र तळाशी गेली म्हणजे अस्सल, असं नाही. अ‍ॅक्रिलिकच्या नकला भरपूर आहेत.

आता ज्या जोडीमुळे हे लिहावं लागलं ती. १९६५ ची गाडी. उजवी काच ई १ वाली, रंग ताजा, कुठे चरा नाही. डावी नागमोडी शिक्क्याची. तिचा उघडा भाग फिकट पडून नारिंगीचा पिवळट झालेला, पण रबराखालची तीन-चार मिलिमीटरची कड अजून गडद. ब्रेकच्या बल्बसमोर आतून तपकिरी धुरकट डाग. असा रंगाचा फरक कोणी मुद्दाम करत बसत नाही. तरी ती काच याच गाडीवर होती असं म्हणता येत नाही, कुठल्या तरी गाडीवर वर्षानुवर्षं होती एवढंच. मालकाला अक्षरांचा स्वच्छ फोटो पाठवायचा होता, म्हणून त्याने ती थिनरने पुसली. स्क्रूच्या भोकांभोवती ताण असतोच; तिथून बारीक भेगांचं जाळं पसरत शिक्क्यापर्यंत गेलं. 'के'पुढचे आकडे आता वाचता येत नाहीत. अ‍ॅक्रिलिकला थिनर, पेट्रोल, स्पिरिट काहीही लावायचं नसतं. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा थेंब आणि मऊ फडकं, बस्स.

आता तो विचारतो, भेगाळलेली जुनी लावू की ई १ ची नवी जोडी? मी जुनी ठेवा म्हटलं. पण पाणी आत जाऊन होल्डर गंजेल, हा त्याचा मुद्दा खोडता येत नाही. जुन्या गाड्यांच्या स्पर्धेला जुनी आणि रस्त्याला नवी हा उपायही मला पटत नाही, कारण दर वेळी स्क्रू उघडले की भोकं आणखी तडकतात.

हेडलाईटबद्दल विचारणार असाल तर काचेवरचा बाण फोटोत येऊ द्या. वर्तुळातला 'ई' असलेल्या काचेवर, तुम्ही गाडीकडे तोंड करून उभे असताना, बाणाचं टोक तुमच्या उजवीकडे असेल तर ती डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीची; टोकं दोन्हीकडे असतील तर दोन्हींसाठी. बाणच नसेल तर ती उजव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीची, म्हणजे जर्मनीच्या रस्त्यासाठी अस्सल असेल, पण आपल्याकडे डिपरवरही समोरच्याच्या डोळ्यांवर प्रकाश मारेल.