वाढत्या अंगाचं: मुलांच्या शिवणकामाची पावसाळी नोंद

शाळा सुरू झाल्यापासून आमच्या जुन्या पायमशीनवर काय पूर्ण झालं, काय अर्धवट लटकलंय आणि कशाचा नाद सोडला, त्याचा हा हिशेब. या खेपेला नव्यापेक्षा दुरुस्तीच जास्त झाली. ती करताना एक गोष्ट पक्की ठरवून टाकली: मुलांचा कपडा बेततानाच पुढे तो कुठून उसवायचा, हे ठरवून ठेवायचं. आई याला ‘वाढत्या अंगाचं शिवणं’ म्हणते. दोन वर्षांपुढचं मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटीमीटर वाढतं, म्हणजे दोन-सव्वादोन इंच, आणि त्यातली निम्मी-अधिक वाढ पायांत असते. पँटच्या खालच्या दुमडीत दोन इंच कापड ठेवलं की वर्ष-सव्वा वर्षाची निश्चिंती. रेडिमेड पँट उलटी करून बघा, तिथे जेमतेम पाऊण इंच सापडेल.

पहिला नंबर धाकट्याच्या जीन्सचा, कारण गुडघे गेलेले. लहान मुलाच्या पँटचा अरुंद पाय मशीनच्या सुईखाली सपाट पसरत नाही, म्हणून बरेच जण ठिगळ हाताने लावतात आणि कंटाळतात. त्यापेक्षा बाजूची शिवण गुडघ्याच्या चार बोटं वरपासून चार बोटं खालपर्यंत उसवायची. बाहेरच्या बाजूचीच उसवायची. जीन्सच्या आतल्या बाजूला बहुधा दुहेरी मुडपलेली शिवण असते, ती उसवायला जीव जातो आणि परत तशी बसत नाही. बाहेरची मात्र साधी टीप आणि ओव्हरलॉक, म्हणजे कड उसवू नये म्हणून गुंडाळलेला दोरा. शिवण उघडली की पाय सपाट पसरतो आणि ठिगळ रुमालाला टीप मारावी इतक्या सहज बसतं.

ठिगळासाठी माझीच टाकाऊ जीन्स घेतली. नवं, कडक डेनिम इथे घेऊ नये. ते पहिल्या धुण्यात आटतं आणि भोवतालच्या विरलेल्या कापडाला ओढून नवं भोक पाडतं. भोक रुपयाएवढं असलं तरी ठिगळ तळहाताएवढं हवं, कारण भोकाच्या आसपासचं कापडही दमलेलं असतं. उजेडासमोर धरलं की कुठपर्यंत विरलंय ते दिसतं, तिथून पुढे एक इंच धरायचा. आणि कोपरे गोल कापायचे. चौकोनी ठिगळाचे कोपरेच आधी उचलतात, मग त्यात मुलांची बोटं जातात आणि पुढचं सांगायला नको. १६ नंबरची सुई, लांब टाका, कडेने दोन फेऱ्या. धाकट्याला ठिगळ पिवळ्या दोऱ्याने हवं होतं, दिलं. आता दुसऱ्या, धडधाकट गुडघ्यालाही तसंच हवंय.

थोरलीचा फ्रॉक हे या मोसमातलं आवडतं काम. कापड म्हणजे आईची नरम पडलेली सुती साडी. साडीचा फ्रॉक म्हटलं की काठ खाली घेण्याचा मोह होतोच, दिसतोही छान. पण काठ खाली आला की दुमड राहत नाही, आणि दुमड नाही म्हणजे पुढच्या वर्षी सोडायला काही नाही. यावर जुना इलाज आहे टकांचा, म्हणजे कापडाची घडी घालून तिच्यावर टीप मारायची. काठाच्या जरा वर आडवी एक इंचाची टक घेतली, तिच्यात दोन इंच कापड जिरलं. टकेची टीप मुद्दाम सगळ्यात लांब टाक्याची, आणि बॉबिनमध्ये वेगळ्या रंगाचा दोरा. उसवताना उलट्या बाजूने तो लगेच दिसतो, कापडाला कात्री लागत नाही. टक सोडल्यावर आतलं न विटलेलं कापड पट्ट्यासारखं उठून दिसणार, हे गृहीत धरूनच तुळशीबागेतून नागमोडी लेस जास्तीची आणून ठेवली आहे. जुन्या दुमडीच्या रेघेवर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून इस्त्री करतात. त्याने घडी मोडते, पण विटलेली रेघ जात नाही. तिथे लेसच कामी येते.

कमरेत मुद्दाम जोड दिला नाही. वरती योक, म्हणजे खांदे-छातीपुरता वेगळा तुकडा, आणि खाली चुण्या. कमरेचा जोड असला की मूल वाढलं की तो बरगड्यांवर चढतो आणि घेर ठीक असूनही फ्रॉक बाद होतो. बगलेखाली शिवणीच्या आत एक-एक इंच माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडली आहे.

बहिणीच्या बाळासाठी झबली झाली, दुपटं व्हायचंय. झबल्याचा गळा अनेक जण छातीच्या मापावर बेततात. पण जन्मलेल्या बाळाचं डोकं छातीहून मोठं असतं, घेर ३४-३५ सेंटीमीटरच्या आसपास. त्यामुळे डोक्यातून घालायचं झबलं गळ्याला मोठं तरी ठेवावं लागतं किंवा बाळ रडून घर डोक्यावर घेतं. मी समोरून अंगरख्यासारखं एकावर एक येणारं केलं. शिवणी बाहेरच्या बाजूला घेऊन वरून तिरपी पट्टी लावली, आत मऊ राहतं. तिरपी पट्टी ४५ अंशांतच कापावी. उभ्या धाग्याची पट्टी गळ्याच्या गोलाईत बसत नाही, फुगते.

बंद मात्र आखूड ठेवले आणि गळ्याशी एकही नाही. टोपड्याला हनुवटीखाली लांब बंद लावायची आपली पद्धत मला पसंत नाही. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने १९९६ मध्येच मुलांच्या जाकिटांना गळ्याशी आणि टोपीला नाडी नको अशी मार्गदर्शक सूचना काढली होती, कारण नाडी घसरगुंडीत अडकून मुलं दगावली होती. तान्हं मूल घसरगुंडीवर जात नाही, हे आईचं म्हणणं बरोबर आहे. तरी बंद आखूडच राहिले.

इलॅस्टिकच्या चड्ड्यांचा ढीग होता. आता नेफ्याला आतल्या बाजूने एक काज ठेवतो आणि इलॅस्टिकचं टोक त्यातून बाहेर काढून बटणाला अडकवतो. सैल झालं की आवळा, घट्ट झालं की सोडा, शिवण उसवायची गरजच नाही. इलॅस्टिक कमरेच्या मापापेक्षा दोनेक इंच कमी घेतलं, वर अडकवण्यापुरतं जास्तीचं.

दप्तराची चेन दात शाबूत असूनही मागून उघडत होती. अशा वेळी दोष स्लायडरचा असतो, तो फाकलेला असतो. पकडीने दोन्ही कडा अगदी हलक्या दाबल्या, चालू झाली. मोज्यांच्या टाचा रफू करणं सोडून दिलंय. नायलॉनच्या मोज्याला रफूची गाठ टोचते, आणि तेवढ्या दोऱ्यात दोन बटणं लागतात.

थोरलीला सुई हवी होती म्हणून मॅटीचा, म्हणजे भरतकामाच्या जाड विणीच्या कापडाचा, तुकडा आणि बोथट टोकाची सुई दिली. मॅटीला भोकं स्पष्ट दिसतात, त्यामुळे धावदोरा सरळ येतो. तिने बाहुलीसाठी उशी केली, उलटी टीप अजून जमत नाही. कार्यानुभवाच्या तासाला नेणार आहे.

अडलंय ते होजिअरीपाशी, म्हणजे टी-शर्टच्या ताणल्या जाणाऱ्या कापडापाशी. आमचं मशीन फक्त सरळ टीप मारतं आणि टी-शर्ट ताणला की ती तटकन तुटते. गोल टोकाची सुई आणली, टाके सुटायचे थांबले, पण तुटणं चालूच. सध्या खांद्याच्या शिवणी हाताने उलट्या टिपेने घेतोय, कारण ती थोडी ताण देते. पुढच्या नोंदीत बारीक टाक्याने कापड किंचित ताणून धरत शिवून बघणार आहे. कुणी साध्या मशीनवर होजिअरी पेललं असेल तर दोरा कोणता वापरता तेवढं सांगा.