नोटीस आली की फाईलला हात लावू नका

मानसशास्त्रज्ञाच्या हातात तक्रारीचं पाकीट पडतं, तेव्हा सर्वांत महाग चूक बहुधा पहिल्याच संध्याकाळी होते. जुनी फाईल काढायची, अर्धवट राहिलेल्या नोंदी ‘नीट’ करायच्या, राहिलेलं एखादं वाक्य घुसडायचं. हे पकडलं जातं. शाई वेगळी दिसते, संगणकावर शेवटच्या बदलाची तारीख उरते, कधी क्लायंटकडे आधीच घेतलेली प्रत असते. मग अपुऱ्या नोंदीची साधी त्रुटी बनावट कागदाच्या आरोपापर्यंत जाते. काही आठवलंच तर वेगळ्या कागदावर, आजची तारीख घालून, ‘उशिरा केलेली नोंद’ असं वर लिहून ठेवा. मूळ फाईल त्याच दिवशी स्कॅन करा आणि त्या प्रतीवर पानांना क्रमांक द्या.

नंतर नोटीस कोणी पाठवली ते पाहा, कारण उत्तराची रीत त्यावरच ठरते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि आचारसंहितेचे 1998 चे विनियम लागू होतात. परिषद नोंदवहीतून नाव काढू शकते, पण त्याआधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 (29 मे 2018 पासून लागू) कलम 28 मध्ये रुग्णाला संस्थाप्रमुख, मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ आणि राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण अशा तीन पायऱ्यांवर दाद मागू देतो. परिषदेकडे नोंदणी नसताना पाटीवर किंवा पावतीवर ‘क्लिनिकल’ लिहिलं असेल, तर मूळ तक्रार काहीही असो, तो दुसरा आरोप म्हणून जोडला जाऊ शकतो. परिषदेच्या 1992 च्या कायद्यात नोंदणीविना व्यवसायासाठी एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

ग्राहक आयोगाच्या नोटिशीत मुदत सर्वांत कडक असते. उत्तर गोव्याचा आयोग पर्वरीला, दक्षिणेचा मडगावला. नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी उत्तर, आयोगाने वाढवली तर आणखी 15. त्यापुढे मुदत वाढवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 4 मार्च 2020 ला स्पष्ट केलं आहे. चवथीचे दिवस मधे आले तरी मोजणी थांबत नाही. म्हणून पाकीट फेकू नका; त्यावरचा टपालाचा शिक्का आणि तुमच्या हाती आल्याची तारीख हाच मुदतीचा पुरावा. क्लायंटच्या वकिलाने ‘15 दिवसांत उत्तर द्या’ असं लिहिलेलं पत्र मात्र वेगळं. ती मुदत त्या वकिलाने घातलेली आहे. तरी मौन बाळगू नये. पोच देऊन सविस्तर उत्तर नंतर पाठवता येतं.

आता सगळ्यात नाजूक प्रश्न: तक्रारदार तुमचा क्लायंट आहे का? घटस्फोट आणि मुलांच्या ताब्याच्या भांडणात तक्रार बरेचदा दुसऱ्या पालकाची असते, आणि तिचं कारण एक साधं प्रमाणपत्र असतं, ज्यात कधीही न भेटलेल्या माणसाच्या स्वभावाबद्दल मत दिलेलं असतं. अशा तक्रारदाराला फाईल दाखवता येत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 23 गोपनीयता बंधनकारक करतं. मंडळाचा, न्यायालयाचा किंवा सक्षम प्राधिकरणाचा आदेश, कुणाच्या जिवाला धोका अशा मोजक्या अपवादांतच माहिती बाहेर जाते. ‘गोपनीयतेमुळे ही माहिती संमती किंवा आदेशाशिवाय देता येत नाही’ एवढंच वाक्य योग्य उत्तर ठरतं. जोडप्याची थेरपी असेल तर दोघांचीही संमती लागते. क्लायंट स्वतः तक्रारदार असेल तेव्हाही आरोपाला लागेल तेवढंच द्या, सबंध फाईल नको. आपला गोवा लहान आहे. म्हापशात बोललेलं फोंड्याला पोचायला वेळ लागत नाही, तेव्हा सहकाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटात नाव गाळूनही प्रकरण टाकू नका. गावावरून माणूस ओळखला जातो. ऑनलाइन रिव्ह्यूला उत्तर देणंही टाळा, कारण ‘हे माझे क्लायंट होते’ हे मान्य करणं हाच गोपनीयतेचा भंग.

उत्तर लिहिताना आरोपांना क्रमांक द्या आणि त्याच क्रमाने जा: आरोप, तुमचं म्हणणं, फाईलमधलं पान. भेटींचा तारखेनुसार तक्ता सोबत जोडा. जे चुकलं ते सरळ मान्य करा आणि त्यानंतर काय बदललं ते सांगा. सर्वांत घातक वाक्य म्हणजे तक्रारदाराचं निदान त्याच्याविरुद्ध वापरणं. ‘तिला बॉर्डरलाइन (एक व्यक्तिमत्त्व विकार) आहे, म्हणून ती असं बोलते’ हे वाचणाऱ्याला तुम्ही थेरपीची खोली शस्त्र म्हणून वापरता आहात असंच दिसतं, आणि माझ्या मते वाचणाऱ्याचं ते मत बरोबरच आहे. तक्रार मागे घ्या म्हणून क्लायंटला फोन करू नका. थेरपी चालू असेल तर लेखी कळवून दुसऱ्याकडे पाठवा, मधेच सोडून देऊ नका. व्यावसायिक विमा असेल तर कंपनीला लगेच कळवा, तिच्या संमतीशिवाय जबाबदारी कबूल करू नका. या पॉलिसी बहुधा दावा ज्या काळात कळवला त्याच काळाच्या असतात. नोटीस जुन्या काळात आली आणि नूतनीकरणानंतर कळवली, तर दावा हातचा जाऊ शकतो.

बिलांची तपासणी वेगळी. विमा कंपनी, क्लायंटच्या नोकरीतली कंपनी किंवा कर खातं, कोणीही आलं तरी पाहायचं एकच असतं: डायरी, सेशनची नोंद, पावती आणि बँकेतली किंवा यूपीआयची जमा जुळते का. चार सेशनचे पैसे एकदम आले आणि पावत्या चार तारखांच्या काढल्या, की जमा जुळत नाही. त्यापेक्षा एकच पावती काढा, जमा तारखेची, आणि चारही सेशनच्या तारखा खाली लिहा. न आलेल्या क्लायंटकडून घेतलेली फी ‘सेशन’ म्हणून दाखवू नका, ‘चुकलेली भेट’ लिहा. विमा ती देणार नाही हे आधीच सांगा. मुलाच्या सेशनची पावती नोकरीला असलेल्या आईच्या नावाने मागितली जाते, कारण परतावा तिला मिळतो. पैसे देणारी म्हणून आईचं नाव आणि सेवा घेणारा म्हणून मुलाचं, दोन्ही लिहा. पन्नास मिनिटांच्या सेशनला तासाचं बिल, मूळ उत्तरपत्रिका नसलेली मानसिक चाचणी, मनोविकारतज्ज्ञाच्या लेटरहेडवर तुमचं सेशन, आणि आठवड्यामागून आठवडा शब्दशः तीच नोंद या गोष्टी सर्रास अडकवतात.

तपासणीचं पत्र आलं की मागितलेल्या तारखांपुरतेच कागद, यादीसह, पोच घेऊन द्या. थेरपीतला मजकूर बिलासाठी लागत नाही; तारीख, वेळ, सेवेचा प्रकार आणि फी पुरते. जीएसटीत एक फसवा मुद्दा आहे: नोंदणीसाठी वार्षिक उलाढालीची 20 लाखांची मर्यादा मोजताना करमुक्त सेवाही धरतात. समुपदेशनाचे 18 लाख करमुक्त असले आणि कंपन्यांच्या कार्यशाळांचे 3 लाख झाले, तर एकूण 21 लाख, म्हणजे नोंदणी लागते. तुमची सेवा करमुक्त बसते का हे परिषदेकडच्या नोंदणीवर आणि कामाच्या स्वरूपावर ठरतं, म्हणून सल्लागाराचं मत लेखी घ्या.

स्वतःच चूक सापडली तर तपासनीस येण्याआधी रक्कम परत करा, दुरुस्त पावतीला जुन्या पावतीचा क्रमांक द्या आणि जुनी फाडू नका, त्यावर ‘रद्द’ लिहून ठेवा. आणि पावसाळ्याआधी पावतीपुस्तकं स्कॅन करून घ्या. आपल्या दमट हवेत कार्बनच्या प्रती बुरसटतात, मग तपासणीत दाखवायला मजकूरच उरत नाही.